आराखड्यातली घरं एकदम उभी करू नका

इतिहासाच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची असतील तर हात खापरांवर बसवा. मध्यरेषेच्या एका बाजूला छेद (भांडं उभं कापलं तर दिसेल तो भाग), दुसऱ्या बाजूला बाहेरचा भाग, प्रकाश वरून डावीकडून. नियम ठरलेले आहेत, सरावानं जमतं. फक्त छपाईत चित्र लहान होतं तेव्हा दाट ठिपक्यांचा काळा डाग होतो, तेवढं सांभाळा.

घात होतो तो जुनं घर, जुनी वस्ती उभी करताना. उत्खननाच्या आराखड्यावर भिंती, चुली, खांबांचे खळगे सगळं शेजारीशेजारी दिसतं आणि हात शिवशिवतात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननाचंच बघा. इ.स.पू. 1600 ते 700, म्हणजे नऊशे वर्षांची वस्ती. तिचे एकामागून एक तीन काळ: माळवा, पूर्व (आधीचा) जोर्वे आणि उत्तर (नंतरचा) जोर्वे. पहिल्या दोन काळांत मोठी चौकोनी घरं, उत्तर जोर्वेत बहुतेक लहान गोल झोपड्या. दोन्ही एका चित्रात आली की वाचक म्हणणार, चौकोनी घरात श्रीमंत, गोल घरात गरीब. झाली तुमची नवी समाजरचना तयार, पुराव्याशिवाय!

म्हणून प्रत्येक काळासाठी वेगळा ट्रेसिंग कागद घ्या. कोणता खळगा कोणाला कापतोय ते पाहा, कापणारा नंतरचा. एका काळातले खळगेसुद्धा सगळे एका वेळचे नसतात. कुजलेला खांब बदलला की नवा खळगा पडतो, त्यामुळे वीस खळगे म्हणजे वीस खांब नव्हेत. हे काम कंटाळवाणं आहे, मला अजूनही नकोसं वाटतं, पण त्याला पर्याय नाही. छपराची उंची तर कुठलाच आराखडा सांगत नाही. तिथं अंदाजच करायचा, सगळेच करतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

जुन्या चित्रांवरून नवी चित्रं काढू नका, इंटरनेटवरची तर नकोतच. व्हायकिंगांची शिंगांची शिरस्त्राणं 1876 च्या एका ऑपेराच्या वेशभूषेमुळे लोकांच्या डोक्यात बसली, ती अजून निघत नाहीत. आणि ‘छान दिसतंय’ म्हणणाऱ्या गुरूपेक्षा प्रत्येक रेघेला ‘कशावरून?’ विचारणारा खडूस माणूस शोधा. सुरुवातीला रडू येईल, येऊ द्या.

पेन्सिलीचं कच्चं चित्र उत्खनन करणाऱ्यांना दाखवा, बदल लेखी मागा. शाई, रंग त्यानंतर. प्रकाशक घाई करेलच.