पीडीएफ काढताना लोगो आणि फोटो फाटू नयेत म्हणून

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका ऑफसेट प्रेसमध्ये मी प्रीप्रेस बघते. फाईल आली की उघडून तपासायची, आणि प्लेटला सोडायची की गिऱ्हाईकाला परत पाठवायची ते ठरवायचं. स्क्रीनवर छान दिसणारं काम कागदावर का फाटलं, असं रोज कुणी ना कुणी विचारतं, आणि सगळा राग पीडीएफवर निघतो. खरं तर पीडीएफच्या पोटात रेष रेष म्हणूनच राहू शकते आणि फोटोही जसाच्या तसा राहू शकतो. धार जाते ती बहुतेक वेळा दोन ठिकाणी. एक, लोगो आणि फोटो फाईलमध्ये येतानाच. दुसरं, पीडीएफ काढायच्या खिडकीत आपण काही न वाचता ओके दाबतो तेव्हा.

लोगोपासून सुरू करते, कारण तिथंच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

चप्पल लाईनमधले एक दुकानदार टॅग छापायला आले होते. दोन बाय तीन इंचाचा टॅग, वर दुकानाचा लाल लोगो. लोगोची फाईल मागितली तर म्हणाले, "ताई, व्हॉट्सॲपच्या डीपीवर हाय की, तिथनंच घ्या." कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. अशा चपलेच्या टॅगवर दुकानाचं नाव धूसर छापलेलं मला बघवत नाही, म्हणून मी त्यांना बाजूला बसवून तो डीपी ८०० टक्के मोठा करून दाखवला. लाल अक्षरांच्या कडेला गुलाबी-करड्या ठिपक्यांची झालर दिसत होती. पांढरी जागा पांढरी नव्हती, आणि अक्षराच्या आतला लाल कुठं गडद, कुठं फिका होता. ही सगळी जेपीजीची घाण, डीपी याच दाबलेल्या प्रकारात असतो. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सलचे चौकोन करून ते दाबतं. शिवाय बहुतेक वेळा उजेड-अंधार पूर्ण बारकाईनं ठेवतं आणि रंगाचा बारकावा निम्म्यावर आणतं. फोटोत हे डोळ्याला कळत नाही. पांढऱ्यावर लाल अक्षर असलं की मात्र कड लगेच पसरते. म्हणजे डीपीत पिक्सल पुरेसे असले तरी त्यातून स्वच्छ लोगो निघत नाही.

म्हणून लोगो व्हेक्टरच हवा, म्हणजे पिक्सलच्या ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेला, कितीही मोठा केला तरी धार न जाणारा. एआय, ईपीएस, एसव्हीजी, सीडीआर (कोरलड्रॉची फाईल) किंवा व्हेक्टर पीडीएफ, यातलं काहीही चालेल. गिऱ्हाईकाकडे 'ओरिजिनल' नसलं तर हार मानण्याआधी त्यांच्या जुन्या पीडीएफ मागवा: एखादं माहितीपत्रक, दरपत्रक, कंपनीचा वार्षिक अहवाल. अशा फाईलमध्ये लोगो बऱ्याचदा व्हेक्टरच बसलेला असतो. ॲक्रोबॅट रीडरमध्ये ६४०० टक्के झूम करा. कड तरीही सरळ आणि गुळगुळीत राहिली तर खजिना सापडला समजा. ते पान इलस्ट्रेटर, कोरल किंवा फुकट मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये उघडून लोगो उचलून घ्या.

एक फसवणूक ओळखायला शिका. पीएनजी कोरलमध्ये आणून सीडीआर म्हणून सेव्ह केला की तो व्हेक्टर होत नाही. सीडीआरच्या आत तो पीएनजीच असतो. वायरफ्रेम व्ह्यू लावून बघा. रेषा दिसल्या तर व्हेक्टर. नुसता चौकोन किंवा त्यात करडं चित्र दिसलं तर बिटमॅप, म्हणजे पिक्सलचं चित्र.

काहीच मिळालं नाही तर लोगो पुन्हा काढा. चित्रावरून आपोआप रेषा काढणाऱ्या क्विक ट्रेसवर माझा भरवसा नाही. तालीम मंडळाच्या गोल शिक्क्याला ट्रेस मारून बघा: गोलाची रेष थरथरते, अक्षरांचे कोपरे विरघळतात, मराठी अक्षरांतल्या बारीक गाठी भरून जातात आणि नोडांचा (रेषेवरच्या बिंदूंचा) खच पडतो. तोच गोल गोलाच्या टूलनं काढला तर चार नोडांत होतो. अक्षरं योग्य फॉन्टमध्ये टाईप करून कोरलमध्ये कंट्रोल-क्यूनं कर्व्ह करायची, म्हणजे त्यांच्या रेषा करायच्या, गदा नाहीतर वाघ तेवढा हातानं पेन टूलनं काढायचा. दुपार जाते, पण ती फाईल मंडळाला पुढं कायम पुरते. व्हिजिटिंग कार्डापासून कमानीपर्यंत तीच वापरा.

लग्नपत्रिकेवरचा जुना रेखाचित्राचा गणपती, दुकानाच्या संस्थापकांची सही, असलं काळं-पांढरं काम मात्र स्कॅन करूनही उत्तम येतं. ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत) ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांवर, स्कॅन करू नका. लाईन आर्ट निवडा आणि १२०० वर करा. अशा चित्रात पिक्सल एकतर काळा असतो नाहीतर पांढरा, मधला करडा नसतोच, त्यामुळं फाईलही हलकी राहते आणि शाईची रेष कागदावर चाकूसारखी उमटते.

आता फोटो. फोटोचं सगळं गणित एका भागाकारात आहे: फोटोचे पिक्सल भागिले कागदावरचे इंच. ऑफसेटला उत्तर ३०० च्या आसपास यायला हवं. आर्ट पेपरवर साधारण १५० ते १७५ लाईनचा स्क्रीन (इंचाला छपाईच्या ठिपक्यांच्या तेवढ्या ओळी) लागतो आणि फोटोला त्याच्या सुमारे दुप्पट पिक्सल लागतात, तिथून हा आकडा आला. रंकाळ्यावर संध्याकाळी फोनवर काढलेला १२ मेगापिक्सलचा फोटो ४००० बाय ३००० असतो. तो ३०० नं तेरा इंचांपर्यंत जातो, म्हणजे ए-फोर पानभर सहज बसतो. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला आणि १६०० बाय १२०० होऊन आला तर सव्वापाच इंचांवर संपतो. उभ्या ए-फोरवर पसरला तर इंचाला जेमतेम १४५ पिक्सल उरतात. म्हणून गिऱ्हाईकाला आधीच सांगून ठेवा: "फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा." डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाईल दाबली जात नाही.

इथं बरेच जण फोटोशॉपच्या इमेज साईझमध्ये ७२ खोडून ३०० लिहितात आणि निर्धास्त होतात. रिसॅम्पल बंद ठेवून आकडा बदलला तर पिक्सल तेवढेच राहतात, नुसता छापायचा आकार लहान होतो. रिसॅम्पल चालू ठेवलं तर फोटोशॉप मधले पिक्सल अंदाजानं भरतं. नसलेली पापणी किंवा साडीची जर त्यातून येत नाही. इनडिझाईन वापरत असाल तर लिंक्स पॅनलमध्ये इफेक्टिव्ह पीपीआय (पानावरच्या मापात इंचाला किती पिक्सल) बघायची सवय लावा. ॲक्च्युअल पीपीआय ३०० असलेला फोटो पानावर दुप्पट ताणला की इफेक्टिव्ह १५० होतो, आणि छपाईला तोच खरा. २०० पर्यंतचा फोटो मी सहसा अडवत नाही. त्याखाली आला की फोन करते.

साहित्य नीट जमलं, आता पीडीएफची खिडकी. इलस्ट्रेटर आणि इनडिझाईनमध्ये वर प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगचा संच, निवडायला मिळतो. 'स्मॉलेस्ट फाईल साईझ' रंगीत फोटो १०० पीपीआयवर आणून ठेवतं. प्रेससाठी ते कधीच निवडू नका. 'हाय क्वालिटी प्रिंट' किंवा 'प्रेस क्वालिटी' घ्या. हे प्रीसेट ४५० च्या वरचे फोटो तेवढे ३०० वर आणतात आणि जेपीजीची क्वालिटी मॅक्सिमम ठेवतात. फोटोंसाठी एवढं पुरतं. पण पानावर स्क्रीनशॉट असेल, किंवा लोगो नाइलाजानं पीएनजीत असेल, तर कॉम्प्रेशनच्या पानावर जाऊन जेपीजीच्या जागी झिप निवडा. झिप काहीही फेकून देत नाही. फाईल जड होते, होऊ द्या.

कोरलमध्ये 'पब्लिश टू पीडीएफ' उघडलं की आमच्याकडची निम्मी मंडळी थेट सेव्ह मारतात, आणि मागच्या वेळी वेबसाठी निवडलेला प्रीसेट तसाच लागू होतो. प्रीसेट 'प्रीप्रेस' करा. मग सेटिंग्जमध्ये ऑब्जेक्ट्सच्या टॅबवर जा. तिथं डाउनसॅम्पलिंगमध्ये (जादा पिक्सल कमी करण्यात) रंगीत, ग्रे आणि मोनो (नुसतं काळं-पांढरं) असे तीन वेगळे आकडे असतात. पहिले दोन ३०० ठेवा, मोनो १२०० ठेवा. मोनोकडे कुणी बघत नाही, आणि मेहनतीनं स्कॅन केलेल्या गणपतीची रेष तिथंच दाताळते. त्याच टॅबवर सगळा मजकूर कर्व्ह करून पाठवायचा पर्याय आहे. जुने मराठी फॉन्ट वापरले असतील तर तो लावा. फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड झाला (सोबत गेला) नाही की जोडाक्षरं सुटतात. कर्व्ह न केलेली मूळ फाईल मात्र जपून ठेवा, नाहीतर मोबाईल नंबर बदलायला पुन्हा टायपिंग करावं लागेल.

सावली आणि पारदर्शकता या विषयावर थोडं थांबते, कारण व्हेक्टर लोगो असूनही फाटला अशी तक्रार बहुतेक इथूनच येते. ड्रॉप शॅडो, ग्लो, ब्लर हे इफेक्ट शेवटी पिक्सलच असतात, आणि ते किती पिक्सलचे बनणार ते डॉक्युमेंटमध्ये ठरतं. इलस्ट्रेटरमध्ये फाईल वेबच्या टेम्प्लेटवर सुरू केली असेल तर डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट सेटिंग ७२ असतं. इफेक्ट मेनूतून ते ३०० करा. कोरलमध्ये पेज साईझच्या खिडकीत रेंडरिंग रिझोल्यूशन म्हणून हाच आकडा असतो. दुसरी गोष्ट थरांची. पीडीएफ एक्स-१ए या छपाईसाठीच्या प्रकारात पारदर्शकता चालत नाही, ती सपाट करावी लागते, म्हणजे थर एकत्र करावे लागतात. अशा वेळी सावलीच्या खाली आलेला लोगो सावलीसोबत पिक्सल होऊन जाऊ शकतो. लोगो आणि बारीक अक्षरं नेहमी सगळ्यात वरच्या थरावर ठेवा, सावल्या त्यांच्या खाली. प्रेस पीडीएफ एक्स-४ हा प्रकार घेत असेल तर तेच द्या, त्यात पारदर्शकता जिवंत राहते. आधी विचारून घ्या, कारण जुन्या यंत्रणेवर एक्स-१एच लागतं.

कॅनव्हावाल्यांसाठी सोपं आहे: डाउनलोड करताना 'पीडीएफ स्टँडर्ड' ९६ डीपीआयचं असतं, 'पीडीएफ प्रिंट' ३०० चं. दुसरं निवडा, क्रॉप मार्क (कापायच्या खुणा) आणि ब्लीड (कडेबाहेरची जादा छपाई) टिक करा, आणि लोगो एसव्हीजीच अपलोड करा. वर्डमध्ये अहवाल बनवणाऱ्या शाळा आणि पतसंस्थांनी फोटो टाकायच्या आधी ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाईल' वर टिक करावी. नंतर केली तर आधी दाबलेले फोटो परत येत नाहीत. पीडीएफ सेव्ह करताना 'मिनिमम साईझ' नको, 'स्टँडर्ड' घ्या.

पीडीएफ निघाली की ती व्हॉट्सॲपच्या प्रिव्ह्यूवर तपासू नका, तिथलं चित्र नुसता नमुना असतो. ॲक्रोबॅटमध्ये उघडा. लोगोवर ६४०० टक्के, फोटोवर २०० टक्के झूम करा. लोगोच्या कडेला पायऱ्या दिसल्या तर तो पिक्सल झालाय, मागं जा. लोगोतून बारीक पांढऱ्या रेषा जाताना दिसल्या आणि झूम बदलला की त्यांची जाडी बदलत नसेल, तर घाबरू नका. सपाट केलेल्या तुकड्यांचे ते सांधे आहेत आणि सहसा छापत नाहीत. ॲक्रोबॅट प्रो असेल तर आउटपुट प्रिव्ह्यूमधल्या ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरनं फोटोवर क्लिक केलं की त्याचं रिझोल्यूशनच समोर येतं. लोगोवर क्लिक केल्यावर तो इमेज म्हणून दिसला, तर तो व्हेक्टर नाही.

एवढं करून फाईल २५ एमबीच्या वर गेली की ईमेल अडतो, आणि मग कुणीतरी फुकटच्या वेबसाईटवर ती 'कॉम्प्रेस' करून पाठवतं. तुम्ही टाळलेलं सगळं तिथं एका बटणात होऊन जातं. ड्राईव्हची लिंक पाठवा, किंवा पेन ड्राईव्ह घेऊन या. गिऱ्हाईकाला फोनवर दाखवायला हलकी पीडीएफ वेगळी काढा आणि तिच्या नावात 'फक्त बघायला' असं लिहा, म्हणजे ती चुकून प्रेसला जात नाही.

फ्लेक्सचं गणित वेगळं. दहा फुटांचा बोर्ड लांबून बघतात, त्याला खऱ्या मापावर इंचाला ७२ ते १०० पिक्सल पुरतात. तिथं ३०० चा हट्ट धरला तर आरआयपी करणाऱ्याचा (फाईल मशीनसाठी ठिपक्यांत बदलणाऱ्याचा) संगणक बसतो. जोतिबाच्या यात्रेला लागणाऱ्या मोठ्या कमानींना आणखी एक अडचण येते. नेहमीच्या पीडीएफचं पान २०० इंचांपर्यंतच जातं, म्हणजे साडेसोळा फुटांच्या थोडं वर. वीस फुटांचं काम एक दशांश मापावर, दोन फुटांचं करा. मग फोटो त्या लहान मापावर ७२० ते १००० पीपीआयचा हवा, आणि पीडीएफ काढताना डाउनसॅम्पलिंग पूर्ण बंद करा, नाहीतर ३०० चा प्रीसेट त्याला खाली ओढेल. फाईलच्या नावातच लिहा: 'एक दशांश, दहापट करून छापणे'.