मेलने फोटो पाठवताना या चुका टाळा

चतुर्थी जवळ आली की आमच्या डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायच्या, टेबलावर स्मरणिकांची रांग लागते. मजकूर उशिरा येतो, पण आला की निदान वापरता येतो. फोटोंचं तसं नाही. एक तर फोनमधून निघाला तसाच बारा-पंधरा एमबीचा एकेक, मेलमध्ये अडकून बसलेला; नाही तर इतका बारीक केलेला की छापायचा कुठे हाच प्रश्न. मधलं प्रमाण लोकांना का जमत नाही, कोण जाणे. चुका मात्र दरवर्षी त्याच.

मूळ फोटोवरच कात्री चालवणं

सगळ्यात वाईट चूक ही, कारण बाकीच्या निस्तरता येतात, ही येत नाही. गोव्यातल्या फोंडा भागातल्या एका मंडळाची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका होती. मुखपृष्ठावर त्यांची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती रानफळांची आरास, घ्यायची, असं समितीने ठरवलं होतं आणि माटोळीही तशीच होती: कवंडळं, तोरिंगं, सुपारीची शिपटी, कांगल्यांचे घोस, सगळं रानातून हिंडून आणलेलं. फोटो चांगल्या कॅमेऱ्यावर काढले होते. ते मेल करायची जबाबदारी सचिवांच्या भाच्याकडे, कारण तो ‘कॉम्प्युटरातला’.

मेलसाठी फोटो लहान करायचे एवढंच त्याने कुठेतरी ऐकलेलं. त्याने अख्खं फोल्डर एका दमात 640 पिक्सेल (फोटो ज्यांचा बनतो ते बारीक ठिपके) रुंदीवर आणलं आणि जुन्या फाइलींवरच नव्या लिहू दिल्या. कॅमेऱ्याचं कार्ड तोवर विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी कोरं करून झालं होतं. माटोळी उतरवलेली, फळं घरोघरी वाटलेली.

छपाईला इंचामागे 300 पिक्सेल धरतात. 640 म्हणजे दोन इंचांहून जरासंच जास्त, काडेपेटीएवढा फोटो. पानभर ताणला तर कांगलं कुठलं आणि सुपारी कुठली ते कळेना. सचिव मला म्हणतात, “मोठा कर मरे, कॉम्प्युटरात सगळं जातं!” जात नाही, बाबा. टाकून दिलेले पिक्सेल परत येत नाहीत; मोठा करताना सॉफ्टवेअर आजूबाजूचे रंग बघून मधली जागा अंदाजाने भरतं, आणि अंदाजाने भरलेली माटोळी माटोळीसारखी दिसत नाही. शेवटी मुखपृष्ठावर गणपतीचं रेखाचित्र गेलं आणि माटोळी आत, वार्षिक अहवालाच्या कोपऱ्यात.

माझी सवय सांगतो. फोटोंच्या फोल्डरमध्ये आधी ‘मेल’ नावाचं दुसरं फोल्डर करायचं आणि लहान केलेली प्रत तिथेच पडेल अशी सोय करून मगच आकड्यांना हात लावायचा. विंडोजवर मी इर्फानव्ह्यू हा फोटो बघायचा प्रोग्राम वापरतो. 1996 पासूनचं आहे, घरगुती वापराला फुकट आहे आणि दिसायला अजूनही जुनाट आहे. मला तेच आवडतं. त्यात कीबोर्डवरचं बी दाबलं की घाऊक काम करायची खिडकी उघडते. त्यात लांब बाजू किती ते सांगायचं, लहान फोटो मोठे करू नकोस यावर खूण करायची, फोल्डर वेगळं द्यायचं. पन्नास फोटो चहा येईपर्यंत होतात. एकच फोटो असेल तर पेंटसुद्धा चालतं, फक्त ‘सेव्ह’ नव्हे, ‘सेव्ह अ‍ॅज’. ही दोन बटणं ज्याला वेगळी वाटत नाहीत त्याच्या हाती मूळ फोटो देऊ नयेत, मग तो कितीही कॉम्प्युटरातला असो.

केबी बघणं, पिक्सेल न बघणं

सरकारी अर्जांनी लोकांना एक खोड लावली आहे. अर्जाला 50 केबीचा फोटो लागतो, म्हणून सगळ्याच फोटोंना तोच नियम. मग ‘फोटो लहान करा’ म्हणणारी कुठली तरी वेबसाइट शोधायची, घरच्या लग्नाचे फोटो तिथे चढवायचे आणि चिखल झालेली फाइल मला धाडायची. घाई इतकी, की पाठवण्याआधी एकदा उघडून बघायचं भान नाही.

आधी विचारा, फोटो जाणार कुठे? नुसता पडद्यावर बघायचा असेल तर लांब बाजू 1600 पिक्सेल पुरे. जेपेगची (फोटोच्या नेहमीच्या फाइलची) गुणवत्ता शंभरात 80-85 ठेवली तर फाइल बहुधा काही शे केबीत बसते आणि डोळ्यांना फरक कळत नाही. छापायचा असेल तर 6 बाय 4 इंचांना 1800 बाय 1200 लागतात, ए-फोरच्या पूर्ण पानाला 2480 बाय 3508. बारा मेगापिक्सेलचा फोन साधारण 4000 बाय 3000 देतो, म्हणजे पानभर छापायचा फोटो लहान करायची गरजच नाही. तो तसाच पाठवा, एका मेलला एक-दोन.

आणि ते ‘300 डीपीआय करून पाठवलाय’ बंद करा. इंचामागे किती ठिपके हे सांगणारा तो आकडा फाइलमधली नुसती नोंद आहे. 640 पिक्सेलच्या फोटोवर 72 लिहा नाही तर 300, पिक्सेल 640च राहतात.

बाकीच्या चुका पटापट.

जीमेलची मर्यादा 25 एमबी, म्हणून 24 एमबीचे फोटो जोडणारे महाभाग आहेत. जोडलेली फाइल मेलमधून जाताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते. 18 एमबीच्या आतच राहा, आणि पावसात वीज जाते-येते तेव्हा त्याहून बरंच कमी. एका मेलमध्ये सगळं कोंबण्यापेक्षा तीन मेल करा.

झिप करून फोटो लहान होत नाहीत. जेपेग आधीच दाबलेला असतो.

फोटो वर्डच्या फाइलमध्ये चिकटवून पाठवू नका. कोपरा धरून ओढला की पानावर लहान दिसतो, फाइल तेवढीच जड राहते. आणि सेव्ह करताना वर्ड आपल्या मर्जीने फोटो दाबतो ते वेगळंच.

रुंदी बदलली, उंची तशीच, आणि अध्यक्ष निम्म्या जाडीचे. प्रमाण कायम ठेवायची खूण काढू नका. आधीच असते ती, मुद्दाम काढतात!

व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं; तिथून आलेला फोटो पुढे मेल करणं म्हणजे उष्टं वाढणं. तिथूनच पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी येते. स्क्रीनशॉट तर नकोच.

एकच जेपेग उघड, थोडा उजळ कर, सेव्ह कर, पुन्हा उघड, पुन्हा कर, असं करत बसू नका. दर वेळी थोडं थोडं झिजतं. मंगेशीच्या दीपस्तंभाचा फोटो असा चारदा सेव्ह होऊन आला की पांढऱ्या कडेभोवती, पावसाळी आकाशात, चौकोनी डाग उठलेले दिसतात. सगळे बदल मूळ फोटोच्या प्रतीवर एकदाच करा आणि आकार सगळ्यात शेवटी कमी करा.

आयफोनचे एचईआयसी (जेपेगऐवजी तो वापरतो तो फाइलचा प्रकार) फोटो अनेक विंडोज कॉम्प्युटरांवर उघडत नाहीत. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट्समध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा. त्याच फोनच्या मेल अ‍ॅपमध्ये फोटो पाठवताना आकार विचारला जातो. छपाईचा असेल तर ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ म्हणा, न वाचता ‘स्मॉल’ दाबू नका.

फोटोत जागेची नोंद असू शकते. घराचे, लहान मुलांचे फोटो अनोळखी पत्त्यावर जाणार असतील तर ती आधी काढून टाका.

फाइलला नाव द्या. ‘आयएमजी’ आणि पुढे आकडे असलेल्या चाळीस फायलींतून बक्षीस घेणारी मुलगी कुठली आणि देणारी बाई कुठली, हे मी फोन करून विचारायचं, तेही रात्री दहाला, छपाईची प्लेट सकाळी जाणार असताना. ‘बक्षीस-रांगोळी-पहिलं’ एवढं लिहिलंत तरी चालेल.