तळ्याच्या तळाची चिकणमाती : निचऱ्याचा आराखडा करताना या चुका टाळा

अंधेरीतील आमच्या कार्यालयात अमेरिकेतील उत्तर डकोटा, मिनेसोटा आणि ओहायो या राज्यांतल्या शेतांसाठी भूमिगत निचऱ्याचे, म्हणजे जमिनीत सच्छिद्र पाइप गाडून जादा पाणी बाहेर काढण्याचे, आराखडे तयार होतात, आणि ते बाहेर जाण्यापूर्वी तपासण्याचे काम गेली चौदा वर्षे माझ्याकडे आहे. हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाचे पाणी अडून जी प्रचंड सरोवरे तयार झाली, त्यांच्या तळावर ही शेते आहेत. उत्तर डकोटा आणि मिनेसोटा यांच्या सीमेवरचे रेड नदीचे खोरे हा अ‍ॅगसी सरोवराचा तळ आहे, तर ओहायोचा वायव्य कोपरा मॉमी सरोवराचा. संथ पाण्यात अगदी बारीक कण सावकाश बसत गेले, पुढे सरोवरे रिकामी झाली आणि मागे पाटासारखी सपाट, पाणी धरून ठेवणारी चिकणमाती उरली. दर जूनमध्ये आमच्याकडे नवे पदवीधर रुजू होतात आणि गणपतीपर्यंत मी त्याच त्या चुकांवर लाल पेन चालवत असते.

सर्वांत हट्टी चूक म्हणजे माती काळी दिसली की ती आपली रेगूर समजणे. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेल्या मुलांना काळ्या मातीबद्दल काही सांगू गेले, तर ती नम्रपणे ऐकतात आणि मनात घरच्या शेताचाच विचार करतात. साम्य आहे, हे मी नाकारत नाही. रेगूर बेसॉल्टपासून झाली आणि अ‍ॅगसीच्या तळावरची माती बऱ्याच अंशी जुन्या शेल खडकाच्या चुऱ्यातून आली, तरी दोन्हींत फुगणारी खनिजे भरपूर असल्यामुळे दोन्ही ओल्या झाल्या की फुगतात आणि वाळल्या की भेगाळतात. फरक आहे तो ऋतूंच्या क्रमात. आपली काळी जमीन उन्हाळाभर तापून खोलवर भेगाळते आणि मृगाचे पहिले पाणी त्या भेगांतून खाली उतरते. रेड नदीच्या खोऱ्यात वर्षातले पहिले मोठे पाणी वितळत्या बर्फाचे असते, ते एप्रिलच्या सुमारास येते आणि त्या वेळी खालची माती अजून गोठलेली असते. पाण्याला वाट नसते, म्हणून ते वरच साचून राहते. मॉमीच्या तळावरची माती तर इतकी फुगतही नाही, कारण तिच्यात इलाइट हे खनिज जास्त आहे. तेव्हा एका सरोवराचा आराखडा दुसऱ्यासाठी उचलणे हीही त्याच जातीची चूक झाली.

हे मला स्वतःला कागदावरून कळले नव्हते. एका मे महिन्यात उत्तर डकोटातील फार्गो शहराजवळच्या एका शेतात मातीचा खड्डा पाहण्याची संधी मिळाली. वरचा वीतभर थर काळाभोर होता, त्याखाली शेवाळी करडी माती आणि तिच्यात गंजासारखे तांबूस ठिपके. मी खड्ड्याच्या तळाशी पाणी शोधत होते आणि तळ जवळजवळ कोरडा होता. पाणी झिरपत होते ते नांगरटीच्या थराच्या खालच्या कडेतून, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. करडा रंग म्हणजे पाण्याखाली हवा न मिळाल्यामुळे लोहाचे रूप बदलले, आणि तांबूस ठिपका म्हणजे मुळाच्या किंवा भेगेच्या वाटेने थोडी हवा पोहोचली. या मातीला फार्गो असेच नाव आहे, आणि अमेरिकी वर्गीकरणात तिच्या गटाच्या नावात ‘एपि’ हा उपसर्ग आहे. त्याचा अर्थच पाणी वरच्या थरात तुंबते असा आहे. तरीही भूजलाची पातळी पाहण्यासाठी घातलेली दीड मीटर खोल निरीक्षण नळी कोरडी आहे, म्हणून निचरा ठीक आहे, असा शेरा वर्षातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतो.

आता ज्या चुकीखाली माझी स्वतःची सही आहे ती सांगते. या प्रदेशात जमिनीला उतार जवळजवळ नसतो; रेड नदीच्या खोऱ्याच्या मोठ्या भागात तो किलोमीटरला सुमारे २० सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी आहे. त्यामुळे सच्छिद्र पाइपाला लागणारा उतार आपणच खोली बदलत बदलत निर्माण करावा लागतो, आणि १०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपासाठी आम्ही ०.१ टक्क्याच्या खाली जात नाही. म्हणजे १०० मीटर लांबीला अवघे १० सेंटिमीटर. एका शेताच्या जुन्या हस्तलिखित टिपणात चराच्या काठावरील आउटलेटची, म्हणजे पाइपातले पाणी चरात पडते त्या तोंडाची, खोली ३ फूट १० इंच दिली होती. आमच्याकडच्या मुलाने ती संगणकात ३.१० फूट अशी भरली. फुटाचे बारा भाग आणि दशांश चिन्हानंतरचे दहा भाग यांतला फरक शाळकरी वाटतो, पण इथे त्याची किंमत ७३ शतांश फूट, म्हणजे २२ सेंटिमीटर होती, आणि आमच्या उतारावर २२ सेंटिमीटर म्हणजे २२० मीटर लांबीचा पाइप.

पुढचा प्रकार अधिक शिकवणारा आहे. पाइपाची ती ओळ ४०० मीटरची होती. आउटलेट ११७ सेंटिमीटर खोल असताना संगणकाने ते ९४ धरले, ०.१ टक्का उताराने पाइप वरच्या टोकाला फक्त ५४ सेंटिमीटर खोल येऊ लागला आणि किमान ६० चा आमचा नियम मोडला. तेव्हा आकडा कुठे चुकला हे शोधण्याऐवजी मुलाने उतार ०.०८ टक्के केला, त्याबरोबर खोली ६२ सेंटिमीटर झाली, पडद्यावरची लाल ओळ हिरवी झाली आणि कागद सहीला आला. मी खोली पाहिली, सही केली. रात्री साडेदहाला, म्हणजे तिकडे भर दुपारी, ठेकेदाराचा फोन आला की त्याच्या लेझरप्रमाणे आउटलेट आमच्या नकाशापेक्षा नऊ इंच खाली आहे आणि यंत्र शेतात उभे आहे. पाइप गाडला गेला नव्हता, हे नशीब. तो गेला असता तर गरज नसताना उथळ आणि मंद उताराची ओळ तयार होऊन तिच्यात गाळ बसत राहिला असता, आणि दोष मातीला दिला गेला असता.

त्या दिवसापासून मी मूळ टिपणातील प्रत्येक खोली पेन्सिलने सेंटिमीटरमध्ये मांडते, आणि १० किंवा ११ इंच दिसले की त्याभोवती गोल करते, कारण घात तिथेच होतो. ही शास्त्रशुद्ध पद्धत आहे असा माझा दावा नाही. मात्र ज्यांना हे वेळखाऊ वाटते त्यांना मी आकडे भरायला बसवत नाही.

आउटलेट शेवटी पाहू, ही तिसरी चूक. मुंबईकराने ती करावी याचे मला विशेष वाईट वाटते. मोठ्या भरतीला पर्जन्यजलवाहिन्यांची तोंडे समुद्राच्या पातळीखाली जातात, त्याच वेळी मुसळधार पाऊस आला की पाण्याला जायला जागा उरत नाही, आणि म्हणूनच हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला येथे उदंचन केंद्रे बांधावी लागली, हे आपण दर पावसाळ्यात अनुभवतो. रेड नदीची भरती वसंतात येते. ती उत्तरेकडे वाहते. दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो आणि ते पाणी अजून गोठलेल्या उत्तरेकडे जाऊन अडते. एप्रिल १९९७ मध्ये ग्रँड फोर्क्स शहर पाण्याखाली गेले त्यामागे हेही एक कारण होते. चर तुडुंब असताना आपल्या पाइपाचे तोंड कुठे असेल, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला तर पंप लागणार की नाही हे तेव्हाच ठरते.

पंपाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट इथेच सांगते. पंपाच्या विहिरीचा पाया वरच्या कडक मातीची तपासणी करून ठरवू नये, कारण खाली ती मऊ असू शकते. कॅनडातील विनिपेगजवळ ट्रान्सकोना येथे १८ ऑक्टोबर १९१३ रोजी धान्याचे नवे कोठार पहिल्यांदाच भरले जात असताना सुमारे २७ अंशांत कलले, तेही अ‍ॅगसी सरोवराच्याच मातीवर होते. इमारत मात्र फुटली नाही आणि पुढे ती सरळही करण्यात आली.

जिप्समबद्दल एवढेच : चोपण जमिनीत सोडियम हटवण्यासाठी त्याचा उपयोग होतो, सोडियमची अडचण नसलेल्या मातीत तो टाकून निचऱ्याचा प्रश्न सुटत नाही. वाळू मिसळण्याचा सल्ला देणाऱ्यांनी आधी हिशोब करावा, कारण एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात निम्मी वाळू करायची तर ७५० घनमीटर वाळू आणावी लागेल.

पाइपांमधील अंतर वाढवून खर्च वाचवण्याचा मोह ग्राहकाला होतो आणि आमची मुले त्याला लगेच होकार देतात. अंतर दुप्पट केले की निचऱ्याचा वेग ढोबळमानाने एक चतुर्थांश होतो, निम्मा नव्हे, एवढे वाक्य मी त्यांना पाठ करायला लावले आहे.

वापशाची, म्हणजे माती काम करण्याजोगी सुकण्याची, वाट न पाहणे ही खरे तर शेतकऱ्याची चूक, पण कामाची तारीख आराखड्यावर आपण लिहितो, म्हणून ती आपलीही आहे. ओल्या चिकणमातीत पाइप गाडला की चराच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि पाणी पाइपापर्यंत पोहोचत नाही. पाइपाच्या खोलीवरची माती घेऊन तळहातांमध्ये वळावी. ३ मिलिमीटर जाडीची वात होण्याआधीच तिचे तुकडे पडले तर काम करावे, त्याहून बारीक वात न तुटता वळली तर यंत्र परत पाठवावे. हिवाळ्यातला बर्फ दबलेली माती पुन्हा मोकळी करतो, असे सांगणारे बरेच भेटतात. तो फायदा मुख्यतः वरच्या थरापुरता असतो.

पाइपाला कापडी आवरण शुद्ध चिकणमातीत सहसा लागत नाही. मात्र ओळ जुन्या सरोवराच्या किनाऱ्यावरील वाळूच्या पट्ट्यातून जात असेल, तर तेवढ्या भागात ते घालावेच.

शेवटची चूक ओहायोच्या कामात अधिक आढळते. निचऱ्यासाठी पूर्वी गाडलेल्या भाजक्या मातीच्या नळ्या नकाशावर नाहीत, म्हणून त्या जमिनीत नाहीत असे समजले जाते. अमेरिकेत अशा नळ्यांची सुरुवात जॉन जॉन्स्टन याने न्यूयॉर्क राज्यातील आपल्या शेतात १८३८ मध्ये केली, आणि मॉमीच्या तळावरची ब्लॅक स्वॉम्प ही दलदल त्याच शतकाच्या उत्तरार्धात चर व नळ्या यांनी कोरडी करण्यात आली. त्या नळ्यांची नोंद कित्येकदा फक्त घरातल्या वृद्धांच्या आठवणीत असते. नव्या चराने अशी एखादी नळी तोडली आणि ती जोडली नाही, तर जिथे कधी पाणी साचत नव्हते तिथे पुढच्या वसंतात तळे होते. म्हणून पहिल्याच पत्रात मी विचारते की शेतावर सर्वांत वयस्कर कोण आहे आणि त्यांना कोणत्या ओळी आठवतात. आणि आराखड्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘जुनी नळी आढळल्यास नव्या ओळीला जोडावी व जागा कळवावी’ ही टीप स्वतःच्या हाताने लिहिते.