इजिप्तला निघालात? आधी ऊन बघा

भात झोडून घरात आलं की आंब्याच्या मोहोराच्या फवारण्या सुरू होईपर्यंत आमच्या रत्नागिरीकडच्या बागायतदाराला थोडे मोकळे दिवस मिळतात. इजिप्तला जायचं तर तेच दिवस धरा. नोव्हेंबरचं ऊन तिथे सोसतं, उन्हाळ्यातलं सोसत नाही. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई तेव्हाच गेलो होतो.

माझं सासर सड्यालगतचं, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारालगतचं. तिथली कातळशिल्पं, म्हणजे कातळात खोदलेली जुनी चित्रं, बघायला येणाऱ्या पाहुण्यांना मी एकच सांगते, भर दुपारी येऊ नका. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, पण ऊन डोक्यावर असताना माणूस शेजारी उभा राहून विचारतो, हत्ती कुठाय? ऊन तिरपं झालं की खोदलेल्या रेघेच्या एका कडेला सावली धरते आणि जांभ्यातून सोंड वर येते.

हे ठाऊक असूनही इजिप्तमध्ये लक्सर गावी फसलो. आमच्या सहलीवाल्यांनी कर्नाकचं देऊळ ऐन मध्यान्ही दाखवलं, तेही धावतपळत. भिंती नुसत्या पांढऱ्याफटक. दुसऱ्या दिवशीची सकाळ खरेदीसाठी ठेवली होती. ती आम्ही सोडली, पहाटे टॅक्सी केली आणि ६ वाजता दार उघडताना तिथे हजर राहिलो. तिकिटाचे पैसे पुन्हा भरले. तुम्हीही भरा, पण कर्नाक सकाळीच बघा.

तिथल्या मोठ्या मंडपात १३४ खांब आहेत. ते मोजत बसू नका. आधी उत्तरेकडच्या अर्ध्या भागात जा. तिथलं काम सेती पहिला या राजाच्या वेळचं, उठावाचं. आकृतीभोवतीचा दगड खरवडून काढलाय, नाण्यावरच्या सिंहांसारखी आकृती वर राहिली आहे. मग दक्षिणेकडे या. इथलं त्याच्या मुलाच्या, रामसेस दुसऱ्याच्या वेळचं. इथे आकृतीची कडच दगडात खोल उतरवली आहे. बापाच्या बाजूला सावली केसासारखी बारीक पडते, मुलाच्या बाजूला काजळाच्या रेघेसारखी ठसठशीत. बापाच्या बाजूची गालाची गोलाई बघून जाऊबाईंचा हात आपसूक पुढे गेला, मी धरला. हाताच्या घामातेलाने दगड खराब होतो. आमच्या सड्यावर मी पाहुण्यांना चपला काढायला लावते, तसंच हेही समजा.

मंडपातून बाहेर पडून दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीकडेही जा. थंडीच्या दिवसांत सकाळचं ऊन तिच्यावरून घसरत जातं आणि रामसेसच्या लढाया दिसू लागतात. उघड्यावरच्या भिंतींवर खोल कोरण्याची रीत का होती, ते तिथे न सांगता कळतं.

एडफू गावचं, होरस या ससाणा-देवाचं देऊळ चुकवू नका. ते पुष्कळ नंतरचं, इसवी सनपूर्व २३७ मध्ये सुरू झालेलं, पण त्याचं छप्पर शाबूत आहे. म्हणून देवळाची खरी चाल तिथे समजते. आत जावं तसतशी जमीन वर चढते, छत खाली येतं आणि उजेड कमी होत जातो. आपल्याकडे सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना होतं तसंच. गाभाऱ्यात ग्रॅनाइटचा देव्हारा अजून उभा आहे. एके काळी तिथवर फक्त पुजारी आणि राजा जायचे. आम्ही दोघी उंबऱ्याशी क्षणभर थांबलो, मगच आत गेलो.

लक्सरलाच नाईलच्या पश्चिमेला राजांची दरी, जुन्या राजांच्या थडग्यांची. पलीकडे जायला फेरीबोट मिळते. दाभोळ-धोपाव्याच्या सवयीच्या माणसाला तिचं काही नवल नाही. दरीच्या साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात. तुतनखामन, सेती पहिला आणि रामसेस पाचवा-सहावा (या दोघांचं थडगं एकच) यांची तिकिटं वेगळी. एकाच जादा तिकिटाचे पैसे असतील तर रामसेस पाचवा-सहाव्याचं घ्या. आतल्या खोलीच्या छतावर आकाशाची देवी नूत लांबच लांब पसरली आहे. संध्याकाळी ती सूर्य गिळते, रात्रभर तो तिच्या अंगातून चालतो आणि सकाळी पुन्हा जन्माला येतो. रोज समुद्रात सूर्य बुडताना बघणाऱ्यांनी त्या छताखाली मान वर करून क्षणभर तरी उभं राहावं. गाइडला आत बोलायला परवानगी नसते, म्हणून दाराबाहेरच सगळं विचारून घ्या. आणि आत रेंगाळून गर्दी करू नका. माणसांच्या श्वासाची नि घामाची वाफ रंगांना बाधते. आपल्या पावसाळ्यात भिंतींना काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको.

काही रखवालदार दोरीपलीकडे बोलावतात आणि मग ‘बक्शीश’ मागतात. शब्द आपलाच वाटतो. ‘ला, शुक्रन’ (नको, धन्यवाद) म्हणा आणि पुढे चला. सुटे पैसे जवळ असू द्या, पण तिकिटासाठी कार्ड लागतं, बऱ्याच खिडक्यांवर रोख घेत नाहीत. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळत नाही. आम्ही आमसुलं आणि खडीसाखर सोबत ठेवली होती, दुपारी त्यावरच तरलो.

तुतनखामनचा सोन्याचा मुखवटा आता गिझाच्या नव्या मोठ्या संग्रहालयात आहे, त्याचं शव मात्र लक्सरला त्याच्या थडग्यातच. बाकीच्या राजांना, म्हणजे त्यांच्या जपलेल्या शवांना, भेटायचं तर कैरोच्या फुस्तात भागातल्या संग्रहालयात जा. २०२१ च्या ३ एप्रिलला २२ राजा-राण्यांना मिरवणुकीने तिथे नेलं. त्या दालनात फोटो काढू देत नाहीत. रामसेस दुसऱ्याजवळ थांबा आणि त्याच्या नाकाकडे नीट बघा. शव टिकवताना त्या नाकपुड्यांत काळी मिरी भरली होती, सव्वातीन हजार वर्षांपूर्वी, आणि मिरी मूळची आपल्याच पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिणेकडची. आमच्या आगरात पोफळीवर तीच वेल चढवलेली आहे. जाऊबाई काचेपाशी बराच वेळ गप्प उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, ‘‘घरी गेल्यावर वेलीला जरा पाणी वाढव गो.’’