आधी प्रश्न नीट मांडा: घरात, धंद्यात आणि गावात डिझाईन थिंकिंग कसे वापरावे

अडचण समोर आली की आपण बहुधा उपायापासूनच सुरुवात करतो. कार्यालयात गर्दी झाली की आणखी एक खिडकी मागतो आणि माल खपला नाही की जाहिरात करतो. डिझाईन थिंकिंग या पद्धतीचा आग्रह असा की, ज्याला अडचण सोसावी लागते त्याच्याकडे आधी नीट पाहावे आणि उपाय नंतर शोधावा. सध्याची परिस्थिती बदलून हवी तशी करण्याचा मार्ग जो कोणी आखतो तो डिझाईनच करत असतो, असे अमेरिकी विचारवंत हर्बर्ट सायमन यांनी १९६९ साली मांडले. पुढे डेव्हिड केली आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीला पाच टप्प्यांचे रूप दिले: माणसे समजून घेणे, प्रश्न मांडणे, कल्पना काढणे, कच्चा नमुना करणे आणि तो तपासणे. यांतले पहिले दोन टप्पेच लोक सर्वांत घाईने उरकतात, त्यामुळे या लेखातही त्यांनाच अधिक जागा दिली आहे.

उदाहरण आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातले घेऊ. समजा, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका गावच्या युवक मंडळाला वाटते की, वारसा नोंदीसाठी किंवा आरटीसी (म्हणजे कर्नाटकातील सातबारासारख्या) उताऱ्यातील दुरुस्तीसाठी तालुक्याला जाणाऱ्या वयस्कर शेतकऱ्यांचे हेलपाटे कमी व्हावेत.

पहिली पायरी: सोबत जा आणि पाहा

मंडळाच्या बैठकीत याची चर्चा करत बसू नका. ज्यांचे काम अडले आहे अशा दोन-तीन जणांबरोबर, त्यांची परवानगी घेऊन, सकाळच्या बसने निघा आणि काम होईपर्यंत किंवा परत फिरावे लागेपर्यंत सोबत राहा. वाटेत सल्ले देऊ नका. आजोबा कोणत्या खिडकीसमोर आधी उभे राहिले, पिशवीतून कोणता कागद काढला, कोणाला विचारले, अर्ज कोणाकडून भरून घेतला, त्याला किती पैसे दिले आणि शेवटी कोणत्या शब्दांत परत पाठवले गेले, हे सगळे वहीत टिपा. प्रश्न विचारताना ‘तुम्हाला काय हवे?’ असे न विचारता ‘मागच्या वेळी आलात तेव्हा काय काय झाले?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस शिष्टाचाराचे उत्तर देतो, दुसऱ्याला घडलेले सांगतो. खिडकीच्या आतल्या कर्मचाऱ्याशीही बोला, कारण त्याच्या बाजूने पाहिले तर तोच तो अपुरा अर्ज दिवसभर परत करणे हीदेखील डोकेदुखीच असते.

दुसरी पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

आता मंडळातील बहुतेक जण म्हणतील की प्रश्न भाषेचा आहे: अर्ज कन्नडमध्ये आहे आणि आजोबांना कन्नड वाचता येत नाही. हे खरेच आहे. तरीही वहीतील नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या तर कदाचित वेगळेच काही दिसेल. अर्ज कोणीतरी भरून देतो, पण काम नावापाशी अडते. शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत, उताऱ्यावर कन्नड लिपीत आणि आधार कार्डावर इंग्रजीत, आणि तिन्ही ठिकाणी थोडे थोडे वेगळे. कुठे वडिलांचे नाव मध्ये, कुठे आडनाव आधी, कुठे आडनावच गायब. कर्नाटकाने भूमी प्रकल्पाखाली जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्यापासून उतारा मिळणे सोपे झाले हे मान्य केले पाहिजे, परंतु संगणकात चढलेले चुकीचे नाव आपोआप दुरुस्त होत नाही.

म्हणून प्रश्नाचे वाक्य असे होऊ शकते: ‘कन्नड वाचता न येणाऱ्या वयस्कर शेतकऱ्याला आपल्या कागदांवरील नावांतील तफावत घर सोडण्यापूर्वीच कळेल, अशी सोय कशी करता येईल?’ या वाक्यात माणूस आहे, त्याची अडचण आहे, पण उपाय नाही. वाक्यात ‘ॲप’, ‘फलक’ किंवा ‘मदत केंद्र’ असा शब्द शिरला असेल तर तुम्ही पुन्हा उपायावर उडी मारली आहे, असे समजून वाक्य नव्याने लिहा.

येथे एक इशारा द्यायला हवा. मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही मागणी हक्काची आहे. गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार संविधानाच्या ३५०व्या कलमाने दिलेला आहे. ती लढाई निवेदनांची, कायद्याची आणि राजकारणाची आहे. डिझाईन थिंकिंगने ती जिंकता येत नाही, आणि आपण केलेल्या सोयीकडे बोट दाखवून कोणी ती मागणी टाळू लागला तर ते खपवूनही घेऊ नये. ही पद्धत फक्त उद्या सकाळी तालुक्याला निघणाऱ्या माणसाचा हेलपाटा वाचवू शकते.

तिसरी पायरी: कल्पना भरपूर काढा, निवड नंतर करा

अर्धा तास ठरवून बसा आणि तेवढ्या वेळात कोणाच्याही कल्पनेला नावे ठेवू नका. बोलण्याआधी प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहावे, म्हणजे पंचमंडळींचे ऐकून बाकीचे गप्प बसणार नाहीत. महिला बचत गटातील एखादी सदस्य आणि दहावीतील एखादा विद्यार्थी बैठकीत असला तर फारच उत्तम.

चौथी पायरी: फुकटात होईल असा नमुना करा

कल्पनांतून समजा ‘नावाचा कागद’ निवडला: एकाच पानावर त्या माणसाचे नाव प्रत्येक दस्तऐवजावर जसे आहे तसेच, त्या त्या लिपीत, एकाखाली एक उतरवायचे आणि जिथे फरक आहे तिथे लाल खूण करायची. यासाठी छपाईची गरज नाही. वहीचे पान आणि तिन्ही लिपी लिहिता येणारे एखादे पोर पुरे. नमुना मुद्दाम कच्चा ठेवावा. चकचकीत छापलेल्या कागदाला लोक नावे ठेवत नाहीत, हाताने लिहिलेल्या पानात मात्र बिनदिक्कत चुका दाखवतात.

धंद्यात हीच पायरी सर्वाधिक पैसा वाचवते. बेळगावातील शहापूर किंवा वडगावच्या यंत्रमागधारकाला साडीचा नवा रंगमेळ आजमावायचा असेल, तर त्याने नवा ताणा (उभे धागे) भरण्याऐवजी चालू ताण्यावरच बाणा (आडवे धागे) बदलून हातभर कापड विणावे, ते दुकानदाराबरोबरच साडी नेसणाऱ्या बायकांनाही दाखवावे आणि त्या कापडाला हात लावून आपसात काय बोलतात ते ऐकावे.

घरातही तेच. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात मोठी टाकी आणण्याचा निर्णय अनेकदा पाणी न भरणाराच घेतो. आधी आठवडाभर रिकामे पिंप त्या जागी ठेवून पाहावे. ते भरणाऱ्या बाईला तिथून वावरता येते की नाही, हे पहिल्या दोन दिवसांतच कळेल.

पाचवी पायरी: वापरू द्या आणि गप्प राहा

नावाचा कागद पाच जणांच्या हाती द्या. पाचच का? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० साली दाखवले की, पाच जणांकडून तपासून घेतले तरी बहुतेक ठळक दोष उघडे पडतात. पन्नास जणांची वाट पाहण्यापेक्षा पाच जणांनंतर दुरुस्ती करून पुन्हा पाच जणांकडे जाणे अधिक फायद्याचे असते. कागद कसा वापरायचा हे समजावून सांगू नका. समजावावे लागले तर दोष कागदाचा आहे. कोणी तो उलटा धरेल, कोणी लाल खूण पाहून आपला उताराच रद्द झाला असे समजून घाबरेल. मग खूण बदला आणि तिच्याखाली ‘येथे दुरुस्ती करून घ्या’ एवढे लिहा.

तपासणीत कधी असेही दिसेल की नावातील तफावत कळूनसुद्धा हेलपाटे तेवढेच राहिले, कारण दुरुस्तीसाठी लागणारे ॲफिडेव्हिट कुठे करायचे हेच माहीत नाही. अशा वेळी कागद सजवत बसू नये. दुसऱ्या पायरीवर परत जाऊन प्रश्नाचे वाक्य बदलावे.

उपयोगी ठरलेला कागद गावातील एका ठरावीक व्यक्तीच्या हवाली करा, मग ती ग्रंथालयाची सेविका असो किंवा दूध संस्थेचा सचिव. कागदपत्रांचे नियम बदलत राहतात, त्यामुळे मूळ प्रतीवर शेवटच्या दुरुस्तीची तारीख लिहा आणि दर सहा महिन्यांनी तालुक्याच्या खिडकीवर जाऊन ती प्रत पडताळून आणण्याचे काम कोणाचे, हेही त्याच वेळी ठरवून टाका.