पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर थाट आणि मोड कसे ओळखायचे

थाट म्हणजे राग ज्यात बसवतात तो सात स्वरांचा संच, आणि मोड म्हणजे पाश्चात्य संगीतातला तसाच संच. घरात पेटी किंवा कीबोर्ड असला की झालं. तानपुऱ्याचं अ‍ॅप पांढरी एकवर (म्हणजे C, दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी) लावा आणि तिथून फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत वरच्या सा पर्यंत जा. सगळे स्वर शुद्ध, हा बिलावल थाट, पाश्चात्यांचा आयोनियन मोड, एकदम सरळ मोकळा वाटतो.

आता तानपुरा पांढरी दोनवर न्या आणि तिलाच सा माना, पट्ट्या त्याच पण ग आणि नी कोमल (अर्धा स्वर खाली) झाले, हा काफी म्हणजे डोरियन. पांढरी तीनवरून भैरवी, तिकडे फ्रिजियन, रे ग ध नी चारही कोमल, इथे जरा रेंगाळा, कोमल रे वरून सा वर अगदी सावकाश या, परत परत या, मैफल भैरवीने का संपवतात ते कानालाच कळतं. चारवरून कल्याण, तो तीव्र (अर्धा स्वर वर चढलेला) म मला फार आवडतो, सगळं उजळून निघतं. पाचवरून खमाज, सहावरून आसावरी. सातवरून शुद्ध पंचमच मिळत नाही, सोडून द्या.

तानपुरा बंद ठेवून हे करू नका प्लीज, कान पांढरी एकलाच सा धरतो आणि सगळं बिलावलच वाटतं.

संगीतशास्त्रज्ञ वि. ना. भातखंड्यांच्या दहा थाटांतले उरलेले चार म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा, तोडी, त्यांना काळ्या पट्ट्या लागतातच. आणि थाट म्हणजे राग नाही हां, यमन आणि भूप दोन्ही कल्याणातले, पण गाऊन बघा, भाव किती वेगळा आहे.