पावसाची टाकी बसवताना आणि वापरताना या चुका टाळा

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिमी पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. 100 चौरस मीटर छपरावर 1 मिमी पाऊस पडला की 100 लिटर पाणी होतं. उडणं-सांडणं वजा जाता 80 लिटर धरा. म्हणजे 1000 लिटरची टाकी 12-13 मिमी पावसात भरते. जुलैतली एक जोराची सर तेवढं काम सहज करते.

तरीही ही टाकी बहुतेक वेळा बागेच्या नळाला जोडली जाते. अंगण चिंब भिजलेलं असताना झाडांना पाणी कोण घालणार? टाकी जूनमध्ये भरते आणि पुढचा सगळा पाऊस गटारात जातो. एप्रिलसाठी पाणी राखू म्हटलं तर तोही हिशेब जमत नाही. माणशी रोज 135 लिटर धरले तर चौघांना 540 लिटर लागतात, म्हणजे 1000 लिटर दोन दिवसही पुरत नाहीत. म्हणून टाकी फ्लश, वॉशिंग मशीन आणि लादी पुसायच्या नळाला जोडा. जुना फ्लश एका वेळी 10 लिटर घेतो. दिवसात वीसदा ओढला तर 200 लिटर नळाचं पाणी तिथेच संपतं. टाकी रोज रिकामी झाली तरच रोज भरेल. पावसाच्या पाण्यात साबणालाही लवकर फेस येतो.

पाणी तपकिरी येतं, वास मारतं. उन्हाळाभर कौलांवर साचलेली लाल धूळ, शेवाळ आणि पक्ष्यांची विष्ठा पहिल्या सरीबरोबर उतरते. हे पाणी टाकीत जाऊ देऊ नका. 100 चौरस मीटर छपराला निदान 50 लिटर पहिलं पाणी वेगळं काढावं लागतं. 110 मिमीच्या पाइपाच्या एका मीटरात जेमतेम 9 लिटर मावतात, त्यामुळे दीड मीटरचा उभा तुकडा लावून भागत नाही. त्याऐवजी टाकीच्या आधी 200 लिटरचा ड्रम ठेवा; तो भरला की पुढचं पाणी टाकीत जातं. त्याच्या तळाला 3-4 मिमीचं भोक हवं, म्हणजे दोन सरींच्या मधे तो रिकामा होतो. हे भोक पानाच्या एका तुकड्यानेही बुजतं. मग ड्रम भरलेलाच राहतो आणि पुढची घाण थेट टाकीत उतरते. पावसाळाभर आठवड्यातून एकदा तार घालून भोक मोकळं करा.

पन्हळीवरून पाणी उसळतं. उतार कमी पडतो. मीटरला 5 ते 10 मिमी उतार द्या आणि पन्हळ मधे वाकू नये म्हणून ब्रॅकेट 60 सेंमीवर ठोका.

टाकीत डास. झाकण घट्ट असतं, पण ओव्हरफ्लोच्या (टाकी भरल्यावर जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपाच्या) तोंडाला जाळी लावायची राहून जाते. डास तिथून आत शिरतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. बारीक जाळी येणाऱ्या पाइपाला आणि ओव्हरफ्लोला, दोन्हीकडे लावा. ओव्हरफ्लोचा पाइप येणाऱ्या पाइपाएवढाच जाड ठेवा. तो बारीक असला तर जोराच्या सरीत पाणी झाकणातून उसळतं.

टाकी एका बाजूला कलते. 1000 लिटर म्हणजे एक टन वजन. पावसाने भुसभुशीत झालेल्या मातीवर टाकी ठेवू नका. चिऱ्यांचा चौथरा बांधून वर सिमेंटचा सपाट थर द्या.

नळाचं पाणी आणि पावसाचं पाणी एकाच पाइपात. ही चूक सगळ्यांत धोक्याची. मधे नुसता व्हॉल्व्ह असेल तर तो गळतो, आणि नळाचा दाब गेला की टाकीतलं पाणी उलटं प्यायच्या पाइपात शिरतं. टाकीत नळाचं पाणी सोडायचं असेल तर तोटी ओव्हरफ्लोच्या पातळीपासून किमान दोन इंच वर मोकळी सोडा. तपासून घेतल्याशिवाय हे पाणी पिऊ नका, आणि छपरावर जुने अॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर अजिबातच नको.

टाकीवरून जाणारं पाणी विहिरीत सोडा, पण फक्त छपराचंच; अंगणातलं नाही. आधी गाळण हवं: तळाला 40 मिमीचे दगड, त्यावर बारीक खडी, सर्वांत वर जाड वाळू. सोकपिट (सांडपाणी जिरवायचा खड्डा) जवळ असेल तर गाळण तिथे खणू नका, 15 मीटर तरी लांब ठेवा. वरची पाच सेंमी वाळू गाळाने बुजते. ती दर मे महिन्यात काढून धुवा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी वरून वाहून जाईल.